काळ्या मातीच्या मुलखात युक्का कसा वाढवावा

युक्का म्हणजे लांब, तलवारीसारख्या पानांचं शोभेचं झाड. मराठवाड्यात ते उन्हानं मरत नाही. परभणी-नांदेडकडं पारा ४३-४४ अंशांवर जातो, दारातला जास्वंद दुपारी माना टाकतो, पण एकदा मूळ धरलेला युक्का तसाच ताठ उभा असतो. तो मरतो पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात, वरून हिरवागार दिसत असताना. काळ्या मातीत पाणी तुंबतं, मुळं कुजतात, पानं पिवळी पडायला लागतात, आणि आपण 'तहानलं असेल' म्हणून आणखी तांब्याभर ओततो. त्यामुळं पुढं जे सांगितलंय त्यातलं निम्मं माती आणि पाण्याबद्दलच आहे. बाकीचं हे झाड स्वतःचं स्वतः बघून घेतं.

कोणता युक्का घ्यायचा

युक्काच्या चाळीसहून अधिक जाती आहेत आणि सगळ्या मूळच्या अमेरिका खंडातल्या. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातला प्रसिद्ध जोशुआ ट्री हाही युक्काच. आपल्याकडच्या नर्सरीत मात्र दोन-तीन प्रकारच मिळतात आणि त्यांतला फरक माहीत असलेला बरा.

पहिला युक्का एलिफंटिपिस. मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा हा युक्का वाळवंटी नाही, त्यामुळं इतरांपेक्षा थोडं जास्त पाणी आणि थोडी सावली सहन करतो. पानांची टोकं मऊ असतात, टोचत नाहीत. घरात, ऑफिसात, दुकानाच्या दारात ठेवायचा तर हाच. कुंडीत लहान-मोठ्या उंचीचे दोन-तीन जाड ओंडके आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पानांचा झुपका असा विकायला असतो तो हाच. एल साल्वाडोर देशाचं राष्ट्रीय फूल याच झाडाचं आहे आणि तिथले लोक या फुलांची अंडी घालून भाजी करतात.

दुसरा युक्का अलोइफोलिया. याचं पान अरुंद, कडक, आणि टोकाला सुईसारखा काटा. उन्हाला आणि दुष्काळाला पहिल्यापेक्षा चिवट. शेतातल्या घरासमोर, कुंपणालगत उत्तम. पण लहान मुलं खेळतात त्या अंगणात किंवा ये-जा असलेल्या जिन्याशेजारी लावू नये. काटा बरोबर पोराच्या डोळ्याच्या उंचीला येतो. लावलाच असेल तर नखं कापायच्या कटरनं प्रत्येक पानाचं टोक खुडून टाकावं, झाडाला काही होत नाही. याचाच पिवळ्या काठाचा पट्टेरी प्रकारही मिळतो. तो दिसायला देखणा, वाढायला सावकाश.

तिसरा बुटका, खोड जवळजवळ नसलेला युक्का फिलामेंटोसा. पानांच्या कडेला पांढरे कुरळे धागे सुटलेले दिसतात, त्यावरून ओळखू येतो. आपल्या भागात कमी दिसतो.

नर्सरीत युक्का म्हणून ड्रॅसिनाही गळ्यात मारतात. पानाच्या कडेवरून बोट हलकेच फिरवा. एलिफंटिपिसची कड बारीक करवतीसारखी खरखरीत लागते, ड्रॅसिनाची गुळगुळीत असते आणि पान लवचिक असतं. बांधावरच्या केकताडाशीही काहींचा घोळ होतो. तो युक्काचा जवळचा भाऊबंदच, पण केकताडाची पानं जाड, मांसल असतात आणि एकदा उंच दांडा टाकून फुललं की ते झाड मरतं. युक्का फुलून मरत नाही.

घेताना पानांपेक्षा खोड तपासा. अंगठ्यानं बुडापासून वरपर्यंत दाबत जा. कुठंही दबलं, सालीखाली पोकळ लागलं किंवा ओलसर वास आला तर ते झाड सोडून द्या. मग खोड हलकेच हलवून बघा. कुंडीत सैल डुगडुगत असेल तर ओंडका नुकताच खोचलेला आहे, मुळं आलेली नाहीत.

लावायची वेळ

आपल्याकडं झाड लावायचं म्हणजे मृगाचा पाऊस बघायचा, ही रीत आंब्या-चिंचेला ठीक. युक्काला नाही. नवीन लावताना मुळांना थोड्याफार जखमा होतातच आणि त्यावर सततची ओल म्हणजे कुजीला आमंत्रण. जमिनीत लावायचा असेल तर हस्ताचा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत लावा. माती कोमट असते, पाऊस गेलेला असतो आणि उन्हाळ्यापूर्वी मुळांना चार महिने मिळतात. कुंडी बदलणं, छाटणी, काड्या (म्हणजे खोडाचे कापलेले तुकडे) लावणं ही कामं फेब्रुवारी-मार्चमध्ये करावीत.

माती: मुरूम हाच आपला ठेवा

काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण फार. ही माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. कापूस-सोयाबीनला तिची ओल धरून ठेवायची ताकद हवी असते, युक्काला तीच घातक. फुगलेल्या मातीत हवेला जागा उरत नाही आणि युक्काची मुळं पाण्याआधी हवा मागतात. उन्हाळ्यात भेगा पडल्या की बारीक मुळं तुटतात ते वेगळंच.

पण ज्या बेसॉल्ट खडकातून ही माती झाली त्याचाच अर्धवट झिजलेला मुरूम आपल्याकडं जागोजाग आहे. माती मोकळी राहावी म्हणून ऑनलाइन परलाईट आणि प्युमिसचे हलके खडे मागवण्याआधी घराजवळ बांधकामावर पडलेला मुरूम बघा. वाळू चाळायच्या चाळणीतून तो चाळा. खाली पडलेली बारीक धूळ टाकून द्या, वरचे मोठे गोटे बाजूला काढा, आणि हरभऱ्यापासून बोराएवढे मधले खडे ठेवा. बादलीत एकदा धुऊन घेतले तर उत्तम, कारण उरलेली धूळ पुढं गाळ होऊन कुंडीच्या तळाशी बसते.

कुंडीसाठी माझं मिश्रण असं: चाळलेला मुरूम दोन घमेली, ढोबळ वाळू किंवा धुतलेली क्रशरची कच एक घमेलं, बागेतली माती एक घमेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत अर्धं घमेलं. मूठभर मिश्रण ओलं करून दाबा. मूठ उघडल्यावर गोळा सुटून पडला पाहिजे. लाडूसारखा राहिला तर आणखी मुरूम घाला. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मी घालत नाही. नर्सरीवाले वजन कमी ठेवायला ते वापरतात, पण पावसाळ्यात ते आठवडा-आठवडा ओलं राहतं.

आपल्या मातीत चुना जास्त असतो, सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास. युक्काला त्याचं वावडं नाही. कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असं दिसू लागलं तर लोहाची कमतरता समजावी आणि चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येतं अशा रूपातलं) लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात एकदा फवारावं.

कुंडीत लावताना

कुंडी मुळांच्या गड्ड्यापेक्षा दोन इंचच मोठी घ्या. झाड वाढेल म्हणून आधीच मोठी कुंडी घेतली तर मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. उंच खोडाचं झाड डोक्याला जड असतं, त्यामुळं प्लास्टिकची हलकी कुंडी मे महिन्यातल्या वावटळीत आडवी होते. मातीची किंवा सिमेंटची कुंडी घ्या. मातीच्या कुंडीच्या भिंतीतूनही ओल उडते, हा तिचा जादा फायदा.

तळाच्या भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळी ठेवा. त्यावर विटांच्या तुकड्यांचा जाड थर द्यायची पद्धत आहे, तिचा उपयोग नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच थबकतं. म्हणजे ओलीचा पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो.

जुन्या पिशवीतून गड्डा काढला की बाहेरची चिकट माती बोटांनी सैल करून झाडून टाका. बाहेरून आलेल्या रोपांचा गड्डा बहुतेक वेळा लाल मातीचा आणि विटेसारखा घट्ट असतो. तो तसाच नव्या मिश्रणात ठेवला तर पाणी बाजूनं निघून जातं आणि आतला गड्डा एक तर कोरडा, नाहीतर कायम ओला राहतो. काळी, मऊ मुळं कापून टाका. खोड पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच पुन्हा मातीत ठेवा. खोल पुरल्यानं झाड पक्कं होत नाही, पुरलेला भाग सडतो. पक्कं करायचं तर दोन महिने काठीचा आधार द्या. लावल्यावर लगेच पाणी घालू नका. तुटलेली मुळं सुकायला चार-पाच दिवस द्या आणि मगच पहिलं पाणी द्या.

जमिनीत लावताना

आधी निचरा तपासा. फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाण्यानं भरा आणि पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला निदान इंचभर पाणी उतरलं तर जागा चालेल. माळरानाच्या बरड जमिनीत हे सहज होतं. नदीकाठच्या भारी काळ्या रानात दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असतं.

अशा भारी जमिनीत लोक एक गोष्ट हमखास करतात: तीन फूट खड्डा खणून त्यात मुरूम भरतात. त्यानं जमिनीत एक हौद तयार होतो. आजूबाजूच्या काळ्या मातीतून पाणी झिरपून त्या खड्ड्यातच येतं आणि बाहेर जायला वाट नसते. त्याऐवजी वर चढा. जमीन कुदळीनं नुसती खरवडून घ्या आणि तिच्यावर मुरूम-वाळू-मातीचा दीड फूट उंच, चार फूट रुंद उंचवटा करा. त्या उंचवट्यावर झाड लावा. कडेनं दगड रचले की पहिल्या मोठ्या पावसात तो वाहून जात नाही.

घराच्या भिंतीपासून, फरशीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून एलिफंटिपिस दहा फूट तरी लांब हवा. जमिनीत तो पंचवीस-तीस फुटांपर्यंत जाऊ शकतो आणि त्याचं बूड हत्तीच्या पायासारखं फुगतं, त्याचं नावही त्यावरूनच पडलंय. विजेच्या तारेखाली तर नकोच.

ऊन

युक्काला ऊन आवडतं, पण अचानक नाही. नर्सरीत तो शेडनेटखाली वाढलेला असतो. एप्रिलमध्ये आणून थेट गच्चीवर ठेवला की दोन दिवसांत पानांवर पांढरट, कागदासारखे चट्टे पडतात. ते पान पुन्हा हिरवं होत नाही. आठवडाभर फक्त सकाळी नऊपर्यंतचं ऊन, पुढच्या आठवड्यात अकरापर्यंत, असं करत तीन आठवड्यांत त्याला पूर्ण उन्हात आणा. मार्च ते जून या काळात घेतलं असेल तर पहिला उन्हाळा हिरव्या जाळीखालीच जाऊ द्या.

गच्चीवर खरी अडचण वरच्या उन्हाची नसून खालच्या स्लॅबची असते. तापलेल्या स्लॅबवर टेकलेल्या कुंडीत मुळं भाजतात. कुंडी विटांवर उचलून ठेवा म्हणजे खालून हवा खेळते. काळ्या ग्रोबॅग तर गच्चीवर नकोतच.

घरात ठेवायचा तर पूर्व किंवा दक्षिणेच्या खिडकीपासून दोन-तीन फुटांच्या आत ठेवा. त्याहून आत ठेवलं तर तो मरत नाही, पण पानं लांब, फिकी आणि लोंबती होतात. महिन्यातून एकदा कुंडी थोडी फिरवा, नाहीतर झाड एका बाजूला कलतं.

पाणी

वेळापत्रकावर भरवसा ठेवू नका. बांबूची बारीक काडी कुंडीत अर्ध्या खोलीपर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. तिला ओली माती चिकटली असेल तर थांबा. कोरडी निघाली तर तळातून पाणी निघेपर्यंत भरपूर द्या, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. रोज थोडं-थोडं देणं सगळ्यात वाईट. वरचे दोन इंच सतत ओले राहतात आणि खालची मुळं उपाशी.

अंदाज हवाच असेल तर असा: उन्हात ठेवलेल्या बारा इंची कुंडीला एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा, हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी. घरातल्या कुंडीला त्याच्या निम्मं. पावसाळ्यात काहीच नाही. झड लागली की कुंडी वळचणीखाली, पत्र्याखाली सरकवा. आठ-दहा दिवस ऊन पडलं आणि काडी कोरडी निघाली तरच पाणी. जमिनीतल्या झाडाला पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी दोन बादल्या, दुसऱ्या उन्हाळ्यापासून महिन्याला तेवढ्याच. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात एवढ्यावर भागवणारं शोभेचं झाड बघून कुणी नाक मुरडू नये.

कोणतं पाणी, हाही प्रश्न आहेच. बोअरचं पाणी जड असतं. कुंडीच्या काठावर पांढरी पूड जमते आणि पानांची टोकं तपकिरी पडतात. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांच्या बोअरला फ्लोराईडही जास्त आहे, आणि युक्का-ड्रॅसिनाच्या पानांची टोकं फ्लोराईडनंही जळतात. म्हणून यांना सुपर फॉस्फेट खत देऊ नये, त्यातही फ्लोराईड असतं. कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी अनेक घरांत झाडांना घातलं जातं. कुलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि क्षार टाकीतच उरतात, म्हणजे मूळच्या बोअरपेक्षाही ते पाणी खारट झालेलं असतं. आरओ मशिनच्या वाया जाणाऱ्या पाण्याचंही तेच. फरशी पुसायला वापरा, झाडाला नको.

यावर उपाय पावसाचा. जुलैत एखाद्या दिवशी कुंडी मुद्दाम उघड्यावर ठेवून दोन-तीन जोरदार सरी घेऊ द्या. वर्षभराचे क्षार तळातून धुऊन जातात. मग परत आडोशाला न्या.

खत

थोडंच. फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरात कुंडीमागे दोन मुठी गांडूळखत पुरे. वाढ हवीच असेल तर मार्च ते मे महिन्यातून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम. युरिया देऊ नका, पानं मऊ आणि लांबट होतात आणि किडीला आयतं सापडतं.

छाटणी आणि काड्या

खालची पानं पिवळी पडून वाळणं ही नेहमीची गोष्ट आहे. पूर्ण वाळलेलं पान खाली ओढलं की सहज निघतं. ओढून निघत नसेल तर राहू द्या. वरची, मधली पानं पिवळी पडू लागली तर मात्र मुळं बघायची वेळ आली.

झाड छताला लागलं किंवा बेढब उंच झालं तर बिनधास्त कापा. फेब्रुवारी अखेर ते मार्चमध्ये, स्वच्छ धारदार करवतीनं, हव्या त्या उंचीवर. करवत आधी स्पिरिटनं पुसा. कापलेल्या टोकाला बोर्डो पेस्ट लावा. जालन्याकडं मोसंबीच्या खोडाला डिंक्यासाठी लावतात तीच: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. एका झाडासाठी एवढी करण्यात अर्थ नाही. शेजारच्या बागेतून वाटीभर मागून आणा, किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची पूड पाण्यात घट्ट कालवून लावा. महिना-दोन महिन्यांत कापाच्या खाली दोन ते चार फुटवे येतात. सगळे ठेवा किंवा दोन ठेवून बाकीचे खुडा.

कापलेला तुकडा टाकून देऊ नका. त्याचे फूटभर लांबीचे भाग करा आणि कापतानाच प्रत्येकाच्या वरच्या टोकाला खडूनं खूण करा. उलटा लावलेला ओंडका मुळं धरत नाही, आणि पानं नसली की वर-खाली ओळखणं कठीण जातं. तुकडे सावलीत आठवडाभर पडू द्या, कापलेली बाजू सुकून कडक झाली पाहिजे. शेंड्याच्या तुकड्याची खालची निम्मी पानं काढून टाका. मग निव्वळ वाळू-मुरुमात तीन-चार इंच खोल उभे करा, एकदा पाणी द्या आणि पुढचे पंधरा दिवस विसरा. दीड-दोन महिन्यांत मुळं येतात. हलकेच ओढल्यावर ओंडका अडला तर समजावं. अलोइफोलियाच्या बुडाशी पिल्लं येतात, ती मुळासकट वेगळी केली की याहून सोपं.

कूज, कीड आणि गारा

मूळकुजीची खूण म्हणजे माती ओली असूनही झाड मलूल, आणि खोडाचं बूड दाबल्यावर मऊ. थांबू नका. झाड उपटा, मुळं धुवा, काळं ते सगळं कापा. खोड आतून पांढरट आणि टणक लागेपर्यंत कापत वर जा. अगदी वीतभर शेंडा उरला तरी चालेल, तो काडी म्हणून लागतो. नव्या मिश्रणात ट्रायकोडर्मा (कुजीच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) दोन चमचे मिसळा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स शेतकऱ्यांच्या ओळखीचं आहे, तेही चालतं. मात्र पाण्याचा निचरा सुधारला नाही तर कुठलीच पूड कामाची नाही.

पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो. थोडा असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसून काढा. जास्त असेल तर निंबोळी तेल पाच मिली आणि थोडा भांड्यांचा साबण लिटरभर पाण्यात घालून सूर्यास्तानंतर फवारा, आठवड्यानं पुन्हा. मुंग्या दिसल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, या ढेकणाला जपणाऱ्या त्याच. उन्हाळ्यात पानं धुरकट, बारीक ठिपक्यांची दिसू लागली तर तो लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरकस फवारा दोन-तीन वेळा मारला की बहुधा जातो. त्यानं धूळही निघते.

गारपिटीचं सांगायला हवं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारा मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. गारांनी युक्काची पानं फाटतात, पण मधला कोंब शाबूत असेल तर झाड सावरतं. फाटकी पानं लगेच कापू नका, ती अजून अन्न बनवत असतात. कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम फवारा आणि नवी पानं येईपर्यंत वाट बघा.

मांजर-कुत्रं पाळत असाल तर एक लक्षात ठेवा. युक्कात सॅपोनिन असतं, म्हणजे रिठ्याला फेस आणणाराच पदार्थ. मूळ अमेरिकी लोक युक्काची मुळं कुटून साबण म्हणून वापरत. पान चावल्यावर जनावराला लाळ, उलटी, जुलाब होऊ शकतात.

फूल आलं तर

कुंडीतला युक्का सहसा फुलत नाही. जमिनीतला, पूर्ण उन्हातला, काही वर्षांचा झालेला फुलतो. शेंड्यातून जाड दांडा निघतो आणि त्यावर मलईच्या रंगाच्या, खाली तोंड केलेल्या घंटांचा घोस लागतो. फूल येऊनही बी मात्र बहुतेक वेळा धरत नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. अमेरिकेत युक्काच्या फुलांचं परागीभवन एक छोटा पांढरा पतंग करतो. मादी तोंडाजवळच्या खास अवयवानं परागाचा गोळा करते, दुसऱ्या फुलावर नेऊन स्वतः त्याच्या कुक्षीवर (पराग घेणाऱ्या टोकावर) भरते आणि त्याच फुलाच्या अंडाशयात अंडी घालते. तिच्या अळ्या काही बिया खातात, उरलेल्यांतून नवे युक्का होतात. पतंगाचं युक्कावाचून चालत नाही आणि बहुतेक युक्कांचं या पतंगावाचून. तो पतंग आपल्याकडं नाही. अलोइफोलिया कधीकधी त्याच्याशिवायही फळ धरतो, पण बियांच्या भरवशावर राहू नका, काड्या आणि पिल्लं आहेतच.

फुलं गळली की दांडा वाळायची वाट न बघता बुडातून कापा. त्या जागेच्या खालून बाजूचे कोंब फुटतात आणि झाड दुशाखी होतं. पावसाळ्यात फुललं असेल तर कापाला पेस्ट लावायला विसरू नका, कापलेल्या दांड्यातून पाणी थेट शेंड्यात उतरतं.